दोन्हीकडे नापास होता आलं पाहिजे

माझ्या भाचीने गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच जाहीर केलं की तिला लंडनला जाऊन आर्ट अँड सायन्समध्ये मास्टर्स करायचंय, आणि ताईचा पहिला प्रश्न होता, म्हणजे नक्की कशात? आर्टमध्ये की सायन्समध्ये? पोरगी म्हणाली दोन्हीत. भाऊजी म्हणाले बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय ना, मग एमएस्सी कर की, चित्रं काय रविवारी पण काढता येतात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात मीच ती मावशी जी शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्गाच्या फळ्यावर खडूने हृदय इतकं छान काढते की पोरं ते पुसू देत नाहीत. मी त्या दिवशी चकलीत तोंड घालून गप्प बसले. पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आधी हे सांगते की अशी डिग्री खरंच असते, पोरीने हवेत काढलेली नाही. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये २०११ पासून एमए आर्ट अँड सायन्स चालू आहे, तिथे चित्रकार पण येतात आणि सायन्स शिकलेले पण येतात. आणि त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी, १९११ मध्ये, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलमध्ये माक्स ब्रोडेल नावाच्या जर्मन चित्रकाराने एक विभाग सुरू केला, वैद्यकशास्त्रासाठी चित्रकला शिकवणारा, तो अजून चालू आहे आणि तिथे आज दोन वर्षांचं मास्टर्स मिळतं. तिथल्या विद्यार्थ्याला शरीररचना डॉक्टरकीच्या पोरांबरोबर शिकायला लागते, मृतदेहाचं विच्छेदन करून. म्हणजे नस कुठून कुठे जाते हे माहीत नसताना सुंदर नस काढून चालत नाही. कोविडचा तो लाल काट्यांचा करडा गोळा आठवतोय ना, जो जगभर टीव्हीवर फिरत होता? तो २०२० च्या जानेवारीत अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेतल्या दोन चित्रकारांनी केला, त्यातल्या एकीचं मास्टर्स मेडिकल इलस्ट्रेशनमध्येच झालेलं. आता गंमत बघा, त्या विषाणूला मुळात रंगच नसतो, तो प्रकाशाच्या लहरीपेक्षाही लहान, त्याला रंग कुठून येणार. काटे लाल दिसावेत हा कोणीतरी बसून घेतलेला निर्णय होता, आणि तो निर्णय घ्यायला विज्ञानही कळायला लागतं आणि लाल रंग बघून माणसाच्या पोटात काय होतं हेही कळायला लागतं.

मी स्वतः बॉटनीवाली. आमच्या वेळी जर्नलमध्ये आकृती काढताना शेडिंग केलं की मॅडम लाल पेनाने काट मारायच्या. खोडाचा आडवा छेद घ्यायचा, सॅफ्रानिनमध्ये रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि मग टोकदार पेन्सिलने एकच स्वच्छ रेष, खोली दाखवायचीच असेल तर बारीक ठिपके द्या, बोटाने घासलंत तर मार्क गेले. आणि त्याच काळात मी इंटरमिजिएटची तयारी करत होते, तिथे ड्रॉइंगचे सर म्हणायचे अगं शेड कुठाय, सपाट दिसतंय हे, माठ आहे का पापड? दुपारी रेष घासायची नाही आणि संध्याकाळी घासायची. तेव्हा मला ते नुसतं दोन खडूस माणसांचं भांडण वाटायचं. खूप नंतर कळलं की दोघं दोन वेगळे प्रश्न विचारत होते. मॅडमना हवं होतं की या खोडात ऊतींची मांडणी कशी आहे ते कुणालाही ओळखता यावं, उजेड कुठून येतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. सरांना उजेडच हवा होता. हे मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही, कारण दोघं एकमेकांना भेटलेच नव्हते कधी, आणि मला वाटतं अख्ख्या आपल्या शिक्षणाची गोष्ट एवढीच आहे.

आता आक्षेपाकडे येते, कारण भाऊजींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे म्हणतात ना, एक ना धड भाराभर चिंध्या. कला आणि विज्ञानाच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं खरोखर चिंध्याच असतं. मध्ये एका प्रदर्शनाला गेले होते, विज्ञान आणि कला असाच काहीतरी विषय, मधोमध छताला टांगलेली डीएनएची मोठ्ठी शिडी, तारा, मणी, खालून निळे लाइट, लोक सेल्फी काढतायत. मी बघतेय तर शिडीचा पीळ उलटा. आपल्या पेशीत जो नेहमीचा डीएनए असतो त्याचा पीळ उजवा, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. हा डावा होता. (डाव्या पिळाचा एक प्रकार असतो, झेड-डीएनए म्हणतात, पण तो दिसायला असा नसतो, वेडावाकडा असतो, तेव्हा ती पळवाट नाही.) मी तिथल्या मुलाला म्हटलं बाळा हा उलटा झालाय, तर तो म्हणाला मॅडम इट्स अ मेटाफर. म्हणजे चूक दाखवली की ते रूपक होतं! आणि उलट बाजूचं बघायचं असेल तर कुठल्याही सायन्स कॉन्फरन्सच्या पोस्टर सेशनला जा, कोपरान् कोपरा मजकुराने भरलेला, पाच फाँट, सात रंग, पाय टेकायला जागा नाही, आणि बाजूला उभा असलेला पीएचडीचा पोरगा ज्याच्याशी कोणी बोलत नाहीये. त्याला जाऊन म्हणा की हे वाचवत नाही, तो म्हणेल की डेटा बरोबर आहे ना. एक रूपकाच्या मागे लपतो, दुसरा डेटाच्या.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कला-विज्ञानाचं मास्टर्स आपल्याकडे, आपल्या सरकारी विद्यापीठात, परवडणाऱ्या फीमध्ये हवंच, पण एका अटीवर, की त्यात दोन परीक्षक असतील, एक प्रयोगशाळेतला आणि एक स्टुडिओतला, आणि दोघांनाही नापास करायचा पूर्ण अधिकार असेल. सरासरी काढायची नाही. चित्र अप्रतिम आहे म्हणून पीळ उलटा चालवून घ्यायचा नाही आणि निरीक्षणं चोख आहेत म्हणून बघवत नाही असं काम पुढे ढकलायचं नाही. ही अट नसेल तर डिग्री नकोच, मग भाऊजी म्हणतात तसं रविवारी चित्रं काढलेली बरी.

हे परदेशी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर थोडं मागे जाऊया. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्याची उभारणी केली त्रिभुवनदास गज्जर यांनी, आणि हे गज्जर कोण, तर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कलाभवन नाव असलेली संस्था रसायनवाल्याने उभी केली आणि तिथे एका छताखाली चित्रकला, कापड रंगवणं, यंत्रकाम, बांधकाम असं सगळं होतं, कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. या गज्जरांचा एक किस्सा मला फार आवडतो. चाफेकर बंधूंनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासलं होतं, चपलांची माळ घातली होती, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. पण पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. ते डांबर काही केल्या निघेना, आणि शेवटी ते काढून दिलं याच गज्जरांनी, तेव्हा ते मुंबईत विल्सन कॉलेजात होते. देशभक्तीच्या हिशोबात हे काम कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा, मी सोडून देते. मला त्यातलं एवढंच दिसतं की संगमरवराला धक्का न लावता डांबर विरघळवायचं तर दगडही कळायला हवा आणि डांबरही.

आणि त्या कलाभवनात शिकून गेलेला एक मुलगा म्हणजे त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके. आधी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोदा, मग फोटोग्राफी, छपाई, सगळं करत करत तो माणूस सिनेमापर्यंत आला. त्यांना आपण दादासाहेब म्हणून हार घालतो, पण हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी काय केलं होतं? कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा कोंब फुटून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करून ती सगळी वाढ पडद्यावर भराभर दाखवली. १९१२ ची गोष्ट. पैसे लावणाऱ्यांना पटावं की हा माणूस कॅमेऱ्याने काहीतरी करू शकतो, म्हणून. आज आम्ही वर्गात मोबाइलवर टाइमलॅप्स दाखवतो तेच. भारतीय सिनेमाची सुरुवात खरं तर बॉटनीच्या प्रॅक्टिकलने झाली असं मी पोरांना सांगते, आणि थोडी अतिशयोक्ती आहे ते मलाही माहितीये, पण पोरांना आवडतं.

मग ही घडी मोडली कुठे? बडोद्यातच बघा. १९४९ मध्ये एम. एस. विद्यापीठ झालं, त्यात कलाभवन इंजिनिअरिंगच्या फॅकल्टीत गेलं आणि चित्र-शिल्पासाठी फाइन आर्टची फॅकल्टी वेगळी उभी राहिली. फाइन आर्टवाल्यांनी पुढे देशात नाव काढलं, इंजिनिअरिंगवाल्यांनीही काढलं, मी कुणाला नावं ठेवत नाहीये. पण कलाभवन हे नाव आज इंजिनिअरिंगच्या इमारतीला आहे, आणि त्यात सगळंच आलं. आपल्या मुंबईत तर याहून भारी आहे. काळा घोड्याजवळ इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, विटेट या वास्तुविशारदाने बांधलेली ती दगडी इमारत, आणि तिला लागूनच असलेला कावसजी जहांगीर हॉल मुळात त्याच संस्थेच्या बांधकामाचा भाग होता, तिथे १९९६ पासून नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. एका बाजूला फ्युमहूड आणि टेस्टट्यूब, दुसऱ्या बाजूला कॅनव्हास, आणि इकडची पोरं तिकडे अभ्यासासाठी कधी जात असतील असं मला तरी वाटत नाही. तिथून जे. जे. चालत अर्ध्या तासाच्या आत.

हे नुसतं गोड गोड बोलणं नाही, न शिकवल्याची किंमत आपण मोजलेली आहे, आणि ती अजिंठ्याच्या भिंतीवर दिसते. १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, चित्रं वाचवायला. माणसं आपल्या कामात मुरलेली होती, भिंतीपासून सुटायला आलेला गिलावा त्यांनी पक्का केला हे त्यांचं ऋण आहेच. पण त्यांनी चित्रांवर लाखेचा पातळ लेप दिला, तेव्हाच्या त्यांच्या पद्धतीप्रमाणे, आणि ती लाख वर्षानुवर्षं पिवळी पडत गेली, तिच्यावर धूळ बसली, आणि अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा तो निळा रंग खाली दबून गेला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं ती लाख काढण्यात गेली, आणि तीही इंच इंच, कारण अजिंठ्याची चित्रं इटलीसारखी ओल्या चुन्यात काढलेली नाहीतच, ती मातीच्या गिलाव्यावर वाळल्यावर काढलेली आहेत, खालच्या मातीत तूस आहे, गवताचे तंतू आहेत, चुकीचं द्रावण लागलं तर लाखेबरोबर बुद्धही निघून येईल. हे काम करणाऱ्या माणसाला तुम्ही रसायनवाला म्हणाल की चित्रकार?

आणि वेरूळचं ऐकलंय का? तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, २०१६ मध्ये त्यावर पेपर आला. लिहिणारे दोघं, एक पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले रसायनशास्त्रज्ञ आणि दुसरे तिथल्याच विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं म्हणणं की वेरूळचा गिलावा किड्यांपासून वाचला त्यात या भांगेचा हात असावा, अजिंठ्याच्या गिलाव्यात ती नाही आणि तिथे किड्यांनी बरंच नुकसान केलंय. बातमी आली तेव्हा लोकांनी गांजाचे जोक मारले आणि विसरले. मी मात्र त्या दिवशी फार खूश होते, कारण माझ्या जर्नलमधल्या आडव्या छेदासारखीच लेण्याची माती कुणीतरी मायक्रोस्कोपखाली बघितली होती. पण हे जुळून आलं ते दोन माणसांच्या उत्साहावर. त्या जिल्ह्यात अशी चाळीस कामं पडली असतील, ती कोण करणार?

इथे हमखास कोणीतरी दा विंचीचं नाव काढतं. नाहीतर होमी भाभांचं, की बघा भाभा स्वतः चित्रं काढायचे, कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान-संशोधन संस्थेत केवढा चित्रसंग्रह आहे, हुसेनचं अख्खं भित्तिचित्र आहे. आहे ना, मान्यच आहे. पण भाभा श्रीमंत घरात वाढले, घरी पुस्तकं होती, रेकॉर्ड होत्या, चित्रकलेचे शिक्षक होते. ज्याच्या घरी हे नाही त्याला विद्यापीठाने द्यायचं असतं, नाहीतर विद्यापीठ कशाला हवं. थोर माणसाचं उदाहरण दिलं की संस्था काढायची जबाबदारी आपोआप टळते, आपण यात पटाईत आहोत.

कागदावर बोलाल तर अडचण आता जवळपास उरलेलीच नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलंय की कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको. २०२४ मध्ये युजीसीने पदव्युत्तर शिक्षणाचा आराखडा काढला, त्यातही प्रवेश परीक्षा पास झालात तर पदवीचा विषय आडवा येऊ नये असं आहे. प्रत्यक्षात काय चाललंय ते ज्यांची पोरं कॉलेजात आहेत त्यांना विचारा. ओपन इलेक्टिव्ह म्हणून सायन्सच्या मुलांना दोन क्रेडिटचं काहीतरी कलेचं दिलं जातं, शिकवायला त्या विषयाचा माणूस नसतो म्हणून ज्यांचा वर्कलोड कमी पडतोय त्या सरांच्या गळ्यात ते पडतं, शेवटी एमसीक्यू. भिंत पाडायच्या ऐवजी भिंतीवर खिडकीचं चित्र काढलं आपण.

चालणारी उदाहरणं आपल्याच घरात आहेत हे पण खरं. पवईला आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग १९६९ पासून आहे, तिथे सीड नावाची प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरही जातो आणि जीडी आर्ट केलेला मुलगाही, एका टेबलावर बसून काम करतात. फोर्टातल्या म्युझियममध्ये, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये, चित्रं-मूर्ती दुरुस्तीची चांगली प्रयोगशाळा आहे. पण डिझाइन वेगळं, तिथे वस्तू वापरणाऱ्याचा विचार आधी. मी म्हणतेय तिथे सुरुवात निरीक्षणापासून व्हायला पाहिजे, आणि सीट फार नकोत, वर्षाला पंधरा पुरेत. अर्धे बीएस्सीवाले, अर्धे बीएफएवाले. पहिलं वर्ष सायन्सवाल्यांनी लाइफ ड्रॉइंग आणि मातीकाम करावं, आर्टवाल्यांनी मायक्रोस्कोप, रंगांचं रसायन आणि थोडी संख्याशास्त्राची तोंडओळख, आणि हे तोंडदेखलं नाही, जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय परीक्षेला बसू द्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी एकच काम. जे. जे. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, आता त्यांना अभ्यासक्रम ठरवायला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अर्ध्या तासावर. मला सांगा, नवीन इमारत तरी लागणार आहे का?

नोकरीचं विचाराल तर, हो, प्लेसमेंटच्या रांगा लागणार नाहीत. पण म्युझियमं, पाठ्यपुस्तकं, हॉस्पिटलं, सर्पदंशावरची माहितीपत्रकं, जिथे घोणस आणि अजगर सारखेच काढलेले असतात, कामाला तोटा नाहीये. काम आहे हे ओळखणारे साहेब नाहीत, ते वेगळं.

आणखी एक सांगते आणि थांबते. पुण्याजवळ दापोडीला, तेव्हाची दापुरी, एकेकाळी सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० मध्ये बागेतल्या झाडांची दीडशेच्या वर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलीयेत. काढणारा इथलाच, बहुधा पोर्तुगीज-भारतीय, पण त्याचं नाव कुठे नोंदलेलंच नाही. गिब्सनचं नाव आहे, झाडांची लॅटिन नावं आहेत. मी ही गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मावशी, त्याला सही करू दिली नसेल की त्याला सुचलंच नसेल?

लंडनचा फॉर्म तिने अजून भरलेला नाही, फी आणि राहणं मिळून जो आकडा झाला त्यात गावाकडे घर होतं असं ताई म्हणाली. सध्या ती नोकरी करते आणि सोसायटीतल्या झाडांची चित्रं काढते, एकेक पान मला पाठवते, तपासायला. परवा पांढरा चाफा पाठवला. पाकळ्यांचा तो देठाजवळचा पिवळा असा उतरलाय की बघत राहावं. पण पाकळ्या सहा. मी लगेच लिहिलं, चाफ्याला पाच असतात, बॉटनीत नापास. पाच मिनिटांनी फोटो आला, तिच्या तळहातावर ठेवलेलं फूल. मी चष्मा लावून दोनदा मोजल्या. सहाच होत्या.